ड्रिलमास्तर डुलतात!

एक गोष्ट आधीच ठणकावून सांगतो. त्या काळात सबंध ठाणे जिल्ह्यात माझ्याइतका ताठ माणूस नव्हता! डहाणूच्या किनाऱ्यावरचे ताड वाऱ्याला वाकायचे, मी नाही.

मी शाळेत ड्रिल शिकवायचो. ट्रेनिंग कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही, आणि त्याची मला लाजही नाही. सातवी पास झालो आणि पुढचं सगळं रद्दीत सापडलेल्या एका पुस्तकातली चित्रं बघून शिकलो. त्यात एक मिशीवाला गोरा छाती काढून, हनुवटी उचलून, गुडघे आवळून 'सावधान' उभा होता. मी त्याच्यासारखा उभा राहिलो तो राहिलोच! 'विश्राम'चं पान उंदरांनी खाल्लेलं होतं. त्यामुळे विश्राम मी मुलांना अंदाजाने शिकवायचो, स्वतः कधी केला नाही. जेवताना ताठ, न्हाताना ताठ, झोपेतही ताठ. बायको, म्हणजे यमुना, म्हणायची, "दाराचा अडसर मोडलाय. आजची रात्र तुम्हीच आडवे राहा तिथे."

हसा! सगळं गाव हसायचं. पण माझी पोरं मैदानावर आखल्यासारखी उभी राहायची की नाही?

तर एका सकाळी प्रार्थनेला सगळी शाळा मैदानावर. मी शिट्टी फुंकली, "सावधान!" म्हणून गर्जना केली, टाचा जुळवल्या, आणि शिट्टी हातातून निसटून पडली. उचलायला जरासा वाकलो असेन-नसेन, कमरेत अशी उसण भरली की वाटलं, कुणी पाठीत कोयता मारून तिथेच विसरून गेलं! थिजलो. मान हलेना, कंबर हलेना. श्वास घेतला की कळ, बोलायला गेलो की दुप्पट कळ. म्हणून बोललोच नाही.

आणि मी 'विश्राम' म्हटल्याशिवाय कुणी डोळ्याची पापणी हलवायची नाही, ही माझीच शिस्त!

पोरं उभी. मी उभा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. हेडमास्तर कचेरीतून बाहेर आले आणि हा देखावा बघून चरकले. त्यांना वाटलं, कुणीतरी फार मोठा माणूस गेला आणि आपल्याला पत्ताच नाही! पत्ता नाही हे कुणाला कळू नये, म्हणून त्यांनी टोपी काढली आणि तेही सावधान! शिपायाने घंटेचा हातोडा खाली ठेवला. रस्त्याने गवताची गाडी चालली होती. गाडीवान खाली उतरून हात जोडून उभा राहिला. तेवढ्यात आमचा शेजारी विष्णू सायकलवरून आला. हा रेल्वेत तिकिटं द्यायचा आणि सुट्ट्या पैशांऐवजी बातम्या वाटायचा.

"कोण गेलं रे?" त्याने गाडीवानाला विचारलं.

"ठाव नाय. पण मोठाच असंल. मास्तर रडतोय!"

विष्णूला तेवढं पुष्कळ झालं. तो स्टेशनवर पोहोचेपर्यंत बाजारातल्या दुकानांना अर्ध्या फळ्या लागल्या होत्या आणि इराण्याने हॉटेलातला रेडिओ बंद केला होता!

शेवटी पहिलीतल्या एका पोराला निसर्गाची हाक आली आणि त्याने शिस्तीपेक्षा निसर्ग मोठा मानला. रांग मोडली. हेडमास्तर हळूच माझ्या कानाशी आले. "मास्तर, कोण हो गेलं?"

"माझी... कंबर!" मी कण्हलो.

चिकूच्या पेट्या वाहायच्या हातगाडीवर मला फळीसारखा आडवा घालून घरी आणलं. वाटेत दोघातिघांनी नमस्कार केला. त्यांना वाटलं, गेलेला तो हाच!

संध्याकाळी हेडमास्तर घरी आले. तब्येत विचारायला नव्हे, धमकी द्यायला.

"दशरथ मास्तर, थंडीत ड्रिलचे इन्स्पेक्टर येतायत. तुम्ही टेंपररी आहात. ते कवायत करून दाखवा म्हणतील. पायाचे अंगठे धरून दाखवा म्हणतील. जमलं तर कायम. नाही जमलं तर..." त्यांनी घसा खाकरला. "आमच्या मेहुण्याच्या ओळखीत एक ट्रेन्ड मुलगा आहे."

बघा! माझी कंबर धरून दिवस मावळला नाही, तोवर ह्यांचा ट्रेन्ड मुलगा उगवला! मी बोलणार होतो, पण बोललं की कळ यायची. आयुष्यात मी गप्प राहिलो तो हा एकच दिवस.

यमुनाने दार लावलं आणि नयनाला मांडीवर घेऊन बसली. नयना आमची मुलगी. तेव्हा नुकती धरून धरून उभी राहू लागली होती.  यमुनाला ठाऊक होतं, मला दुसरं काही येत नाही. मलाही ठाऊक होतं. ही नोकरी गेली की चिकूच्या वाडीत पेट्या ठोकायच्या, आणि त्यालाही वाकावं लागतं!

दुसऱ्या दिवशी डॉक्टर होर्मसजी आले. म्हातारे पारशी, टांग्यातून यायचे, आणि टांग्याचा घोडाही त्यांना भ्यायचा. त्यांनी मला इथे दाबलं, तिथे दाबलं.

"मास्तर, तुझा काय पन तुटला नाय."

"मग हलत का नाही?"

"तू माणूस हाय का टपालपेटी? एवढी वरसं तू अंगाला कुलूप घालून बसला. अंग विसरला ने! आता औषध नाय. आता शिकायचा."

"मी शिकवतो, डॉक्टर! शिकत नाही!"

"चूप! जमिनीवर पडायचा. डोका हळू हळू इकडे, हळू हळू तिकडे. दुखला तर थांबायचा. जोर करायचा नाय. तो जमला, तर मग कूस. मग बसायचा. मग रांगायचा. उडी नाय मारायची एकदम!" मग त्यांनी छडी नयनाकडे रोखली. ती पाळण्याची दोरी चघळत होती. "ही तुझी मास्तरीण. ही करते तसा कर. हिला कोण शिकवला? कोनी नाय. तरी बघ, कशी लोण्यासारखी वाकते!"

जाताना चोळायला मोहाच्या बियांचं तेल सांगून गेले. त्या तेलाने पुढे माझी काय गत केली, ते येईलच.

मंडळी, खोटं का सांगू? पहिल्या दिवशी नुसती मान हलवताना मला रडू आलं. अंगात ताकद होती, गावातल्या कुठल्याही पैलवानाला उचलून आपटलं असतं! पण जोर न लावता मान वळवायची? ते येईना. दात आवळायचे, मुठी आवळायच्या, पोटऱ्या आवळायच्या, आणि मान तिथेच! शेजारी नयना पालथी पडून हसायची. एक हात सोडायची, अंग सैल सोडायची, आणि टुपकन उताणी. कष्ट नाहीत, कवायत नाही. मी बघत राहिलो. मग लक्षात आलं, ती आधी श्वास सोडते. मी सोडला. जबडा सैल केला. आणि माझी मान, गंजलेल्या बिजागरीसारखी कुरकुरत का होईना, वळली!

"यमुने! वळली!"

"कोण, नयना?"

"मी!"

तिथून आमच्या दोघांची शर्यत लागली. ती कुशीवर, मी कुशीवर. ती टुपकन बसायची, चारेक दिवसांनी मीही भिंतीला न टेकता बसलो. ती रांगत ओटीवर, मागून मी रांगत ओटीवर. यमुना दोघांच्या गुडघ्यांना तेल चोळायची आणि दोघांना एकाच सुरात ओरडायची, "उंबरा सांभाळा!"

आता शेजारची लतिका, म्हणजे विष्णूची बायको, एका दुपारी विरजण मागायला आली. तिने पाहिलं काय? ड्रिलमास्तर चार पायांवर, केस विस्कटलेले, तोंडातून "भूऽऽ", आणि सगळ्या घराला मोहाचा वास!

विरजण न घेताच गेली.

ते दारूबंदीचे दिवस होते. मुंबई सरकारने थेंब वर्ज्य केला होता. म्हणजे कुणाला? बंगल्यातल्या शेटजींना डॉक्टरी परमिटवर बाटली मिळायची, ती औषध! वारल्याच्या झोपडीत मोहाच्या दारूचं मडकं सापडलं की मडकं फुटायचं आणि माणूस आत जायचा. अशा दिवसांत विष्णूच्या तिकिटाच्या खिडकीतून बातमी सुटली: 'मास्तर घ्यायला लागले. घरात रांगतात!'

मला पत्ता नव्हता. मी खुशीत होतो. रांगून झालं, उभं राहून झालं, मग रोज संध्याकाळी थोडं थोडं चालायला लागलो. आधी अंगणापुरतं. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग चिखले गावाच्या वाटेला, वाळूवर, अनवाणी. डॉक्टर म्हणाले होते, "गुडघा ढीला, खांदा ढीला, हात जाईल तिकडे जाऊ दे." जाऊ दिला! कंबर मोकळी झाली होती, पायाखालची वाळू पाऊल धरून ठेवत होती आणि हलकेच सोडत होती. मी डुलत चाललो. अहो, माणसाला चालताना सुख होतं, हे मला इतक्या वयात कुणी सांगितलंच नव्हतं!

समोरून सुकऱ्या आला. तलासरीकडच्या पाड्यातला वारली, चिकूच्या वाडीत कामाला. डोक्यावर गवताचा हा भला भारा. मला बघून थांबला.

"कां मास्तर, आज बरा चालतोस!"

"बरा म्हणजे?"

"आधी तू चालायचास तं वाटायचा, कोनी तुला मागून ढकलतो हाय. आता आपला आपला चालतोस."

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या खांद्यावर हात टाकला. दोघं डुलत डुलत डहाणूच्या रस्त्याला लागलो. तो भाऱ्यामुळे डुलत होता, मी डॉक्टरांमुळे.

नाक्यावर पोलीस जमादार शांताराम उभे होते.

"मास्तर," ते म्हणाले, "ऐकलं होतं, विश्वास नव्हता बसला. चला चौकीवर."

"का?"

"तोंडाचा वास... नाही, अंगाचा वास कसला येतोय?"

खोटं बोलणं मला जन्मात जमलं नाही. "मोहाचा!" मी ठणकावून म्हणालो. "बियांचं तेल आहे!"

"मोह तो मोह! आणि हा बरोबर. चल रे, भारा टाक!"

चौकीच्या व्हरांड्यात बघ्यांची गर्दी झाली. विष्णू सायकलसकट हजर.  ड्रिलमास्तर दारू पिऊन चौकीवर, एवढं वाक्य हेडमास्तरांच्या कानावर गेलं की इन्स्पेक्टर यायची गरजच नव्हती. ट्रेन्ड मुलगा उद्याच हजर झाला असता!

"त्या फरशीच्या रेघेवरून चालून दाखवा," जमादार म्हणाले.

चाललो. नव्या पद्धतीने, मोकळा, डुलत. पाऊल रेघेच्या जरा इकडे, जरा तिकडे.

"झिंगलाय!" विष्णू म्हणाला.

"अहो, हे नैसर्गिक आहे!"

"झिंगलेला असंच म्हणतो," जमादार म्हणाले.

माझं डोकं सणकलं! शहाण्यांनो, माणूस माणसासारखा चालला की तो प्यालेला, आणि खांबासारखा चालला की शुद्धीत? मग बघाच! छाती काढली, हनुवटी उचलली, गुडघे आवळले. धाड! धाड! धाड! रेघेवरून असा गेलो की फरशी हादरली. टोकाला गर्रकन वळलो, टाचा जुळवल्या आणि जमादारांना कडक सॅल्यूट ठोकला.

आणि उसण!

हात कपाळाला, मी थिजलेला, डोळ्यांतून पाणी. जमादारांची सवय अशी की सॅल्यूट आला की सॅल्यूट द्यायचा. त्यांनी दिला. पण समोरचा हात खाली घेत नाही तोवर आपण कसा घ्यायचा? तेही उभे! व्हरांड्यात चिडीचूप. मागे एकाने टोपी काढली. "कोण गेलं हो?" कुणीतरी कुजबुजलं.

सुकऱ्याने आमच्याकडे बघितलं, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे.

"दोन ताड झालेव," तो म्हणाला. "ताडीला मडकी बांधू काय?"

अख्खा व्हरांडा फुटला! मलाही हसू आलं, आणि हसलो तशी कळ डोक्यापर्यंत गेली. जोर करून हात खाली ओढावा, असं वाटलं. आणि तेवढ्यात नयना आठवली. पाळण्याला धरून उभी राहते, आणि खाली बसता येत नाही म्हणून अडकते, तेव्हा ती काय करते? झगडत नाही. एक सुस्कारा टाकते, गुडघे सैल सोडते, आणि टप्प!

मी श्वास सोडला. जबडा सोडला. मग खांदा. मग गुडघे. हळूहळू, लोणी विरघळावं तसा, सरकारी फरशीवर बसलो. मग आडवा झालो.

"पडला! पडला!" विष्णू ओरडला.

मी ऐकलं नाही. मान इकडे, मान तिकडे. गुडघे पोटाशी. कुशीवर वळलो. हात टेकला, गुडघा टेकला, मागे-पुढे झुललो. कमरेतला काटा आपोआप निघाला! आणि कुठेही न धरता, कुणाचा हात न घेता, मी मांजरासारखा उठून उभा राहिलो.

जमादारांनी सॅल्यूटचा हात आता कुठे खाली घेतला. 

"पिऊन पडलेली माणसं उचलण्यात माझी अख्खी नोकरी सरली, मास्तर," ते म्हणाले. "असा उठलेला एकही नाही बघितला. जा घरी."

"आणि सुकऱ्या?"

"तो राहू दे. त्याचं बघू."

"काय बघू? त्याच्या तोंडाला वास आहे?"

"नाही, पण तो डुलत होता."

"डोक्यावर भारा घेऊन तुम्ही चालून दाखवा! मी डुललो तरी मला सोडता, आणि त्याच डुलण्याबद्दल ह्याला धरता? मास्तर म्हणून मी सुटलो आणि वारली म्हणून हा अडकला, होय ना? मग मीही जात नाही! लिहा माझं नाव!" मी ओरडलो. नोकरी, इन्स्पेक्टर, हेडमास्तर, सगळे डोळ्यांपुढे येऊन गेले. पण तोंडातून निघालं ते निघालं. "नाहीतर हा बघा, परत लोळतो!"

आणि खरंच अर्धा खाली बसलो.

"नको!" जमादार दचकून म्हणाले. "जा बाबांनो, दोघंही जा! रघ्या, गर्दी हटव!" चौकीचा शिपाई पुढे झाला. सुकऱ्याने शांतपणे भारा उचलला आणि पायरी उतरताना मला म्हणाला, "मास्तर, फरशी गार असते. उद्यापासून वाळूत लोळ."

मी निघालो तसे जमादार मागून आले. आवाज एकदम खाली. "मास्तर, ते मघाचं... कुशीवर वळायचं... आधी श्वास सोडायचा का? माझीही कंबर, बरं का, फार दिवसांपासून..."

त्या आठवड्यात रोज सकाळी चौकीच्या मागच्या खोलीत जमादार कुशीवर वळत होते. मग माझ्या पिण्याबद्दल बोलायची कुणाची छाती होते?

थंडीत इन्स्पेक्टर आले. घट्ट कोट, घट्ट कॉलर, मान वळवायची तर सगळं धड वळवायचे. मी ओळखलं, ह्यांच्याही पुस्तकातलं ते पान उंदरांनी खाल्लेलं! पोरांची कवायत झाली. मग ते मला म्हणाले, "मास्तर, पायाचे अंगठे." हेडमास्तर पुढे सरकून उभे राहिले, मजा बघायला. मी श्वास सोडला आणि वाकलो. अंगठे धरले. वर येता येता मुद्दाम शिट्टी खाली टाकली आणि फुलं वेचावीत तशी उचलली. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावरून ट्रेन्ड मुलगा मावळताना मी स्वतः पाहिला.

"सर्टिफिकेट?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"कंबर दाखवली, साहेब! तुमची दाखवता?"

ते हसले, पण हसताना त्यांनी पाठीला हात लावला. मला कायम केलं.

घरी पळत आलो. होय, पळत! "यमुने! झालो कायम!" यमुनाने ओठांवर बोट ठेवलं आणि ओटीकडे दाखवलं. नयना पाळणा सोडून उभी होती. एकटी! तिने पाऊल उचललं होतं. पहिलं पाऊल!

माझी मास्तरीण! जिच्याकडे बघून मी डुलायला शिकलो, ती! मी गुडघ्यांवर बसलो, हात पसरले.

आणि ती निघाली. छाती बाहेर. हनुवटी वर. गुडघे आवळलेले. धाड, धाड, धाड!

मी महिनाभर तिच्याकडे बघत होतो. पण त्याआधी जन्मल्यापासून ती कुणाकडे बघत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! ती माझ्यापुढे येऊन थांबली, टाचा जुळवल्या, माझ्या गळ्यातली शिट्टी ओढून तोंडात घातली आणि फुंकली.

मी ताडकन उठून सावधान!

आणि कमरेत...

"आता कुणाला बोलावू?" यमुना म्हणाली. "डॉक्टरांना, की जमादारांना?"